एका चुलीवरचे पथ्य

डॉक्टर वजन कमी करायला सांगतात ते एका माणसाला. चूल मात्र साऱ्या घराची असते. पन्नाशीच्या कारभाऱ्याची साखर वाढली, गुडघे बोलू लागले, की दवाखान्यात चार गोष्टी सांगितल्या जातात. तेल कमी करा, गोड बंद करा, रात्री लवकर जेवा, रोज चाला. तो घरी येतो आणि संध्याकाळी ताटात तेच तर्रीचे कालवण पडते. यात रांधणारीचा काय दोष? तिला दवाखान्यात कोणी नेलेच नव्हते.

आपल्याकडे खाऊ घालणे म्हणजे माया. भरल्या अंगाचा मुलगा म्हणजे घरात दूधदुभते असल्याची खूण. त्याने एक भाकरी कमी मागितली तर आई लगेच विचारते, "का रे, कालवण बिघडलं का?" सुनेचे तर त्याहून अवघड. तिचे अंग म्हणजे सासरचे प्रशस्तिपत्र! ती चार किलोने उतरून माहेरी गेली, की तिथल्या बायका हळूच विचारणार, "सासरी नीट खायला देत नाहीत का गं?" हे सासूबाईंना पुरते ठाऊक असते. म्हणून त्या आग्रह सोडत नाहीत. सुनेचे वाईट व्हावे हा त्यात हेतू नसतो, घराच्या नावाची काळजी असते. तेव्हा सुनेने नुसते "नको" म्हणून ताट सरकवू नये. डॉक्टरांनी काय सांगितले ते सासूबाईंना नीट समजावून सांगावे, आणि हे काम तिच्या नवऱ्याने केले तर फारच उत्तम. बायकोच्या ताटाबद्दल आईशी बोलणे पुष्कळ पुरुषांना जड जाते; पण ते त्यांचेच काम आहे.

आणखी एक गोष्ट घरोघर दिसते. सर्वांत शेवटी जेवणारी बाई म्हणते, "मी तर काहीच खात नाही, तरी अंग सुटतं." तिच्या ताटापुरते ते खरेही असते. पण पातेल्याच्या तळचा भात, लेकराने टाकलेला अर्धा लाडू, उरलेली चतकोर भाकरी, हे सारे "अन्न टाकू कसं" म्हणून तिच्याच पोटात जाते. अन्न टाकू नये हे खरेच, पण त्यासाठी तिचे पोट म्हणजे उरल्यासुरल्याची कणगी नव्हे. भात टाकताना माप कमी घ्यावे आणि तिने सर्वांबरोबर पंगतीत बसावे. ती पंगतीत बसली की उरलेले संपवायला चार हात होतात.

आता थोडे शास्त्र. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तेथील सुमारे बारा हजार माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची वजने २००७ साली तपासली गेली. नवराबायकोपैकी एकाला लठ्ठपणा आला, की दुसऱ्याला तो येण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढत होती. उलट बाजूही आहे. २०१८ साली तिकडच्याच १३० जोडप्यांच्या अभ्यासात वजन उतरवण्याचा कार्यक्रम एकालाच दिला होता. तरी सहा महिन्यांत सुमारे एकतृतीयांश जोडीदारांचेही वजन तीन टक्के किंवा अधिक उतरले. त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. बहुधा घरातले खाणेच बदलले.

आपल्या घरी ते कसे बदलायचे? कारभाऱ्यासाठी निराळी भाजी करू नका. ती पंधरा दिवस टिकते, मग करणारी थकते आणि खाणारा कंटाळतो. त्यापेक्षा तेलाच्या डब्यावर आणल्याची तारीख लिहा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरले तर पाच माणसांना १५ किलोचा डबा चार महिने पुरायला हवा. तो अडीच महिन्यांत संपत असेल, तर माणशी ४० ग्रॅम पोटात जाते आहे. वरचे १५ ग्रॅम म्हणजे रोजचे सुमारे १३५ उष्मांक. चहाचेही तसेच. दोन चमचे साखरेचा एक कप, असे आल्यागेल्याबरोबर सहा कप झाले, की साखरेचेच २४० उष्मांक होतात. पाहुण्याची साखर वेगळी द्या, तो रागावत नाही. शिवाय नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, बांधावर मोटारसायकल आली; भाकरी मात्र आजोबांच्याच मापाची राहिली.

टोमण्यांनी वजन उतरत नाही. इंग्लंडमधील सुमारे तीन हजार प्रौढांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. जाडीवरून ज्यांना हिणवले गेले त्यांचे वजन चार वर्षांत सरासरी जवळजवळ एक किलो वाढले; बाकीच्यांचे थोडे उतरले. "ढोली", "म्हैस" ही हाक थट्टेत मारली तरी ज्याला लागायची त्याला लागतेच. असा माणूस चारचौघांत जेवत नाही, एकटा असताना खातो.

चालण्याचे म्हणाल तर पहाटे बाईमाणसाला रस्त्याने एकटे जायला संकोच वाटतो. दोघी जावा मिळून निघाल्या तर कोणी विचारत नाही. ऐंशी किलोच्या माणसाचे चारपाच किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसतो; मात्र साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच जेवण कमी करावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने उपासमार करू नये. आणि काही न करता वजन उतरू लागले, तर आनंद न मानता तपासून घ्यावे, त्यामागे क्षय किंवा मधुमेह असू शकतो.

घरात वजनकाटा नसला तरी शिवणाची फीत असते. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. सकाळी, काही खाण्यापूर्वी, पोट आत न ओढता मापावा. बायकांनी निऱ्या खोचण्याआधी मापावा, नाहीतर माप फसवे येते.