राघू बोलतो, आपण ऐकतो का?

आमच्या घरचा राघू तीन भाषा बोलतो. आजीची मराठी, बाजारातली हिंदी आणि खाणीच्या भोंग्याची. "काहून रे पोट्ट्या, जेवला का?" असं तो आजीच्या आवाजात विचारतो, तेव्हा नवीन पाहुणा स्वयंपाकघराकडे बघून "हो, जेवलो" म्हणतो. पाहुण्याचाच पोपट होतो आणि आम्ही हसतो.

बालाघाटहून बैहरकडे निघालं की घाट चढल्यावर आमचं उकवा लागतं. मँगनीजची भूमिगत खाण आणि भोवती जंगल. 1956 पर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आमच्यासारख्या घरांत मराठी अजून टिकून आहे. आजोबा खाणीत कामाला होते. राघूचं पिल्लू त्यांनीच बाजारातून आणलं, मी जन्मायच्या आधी. खांद्यावर लाल डाग असलेला हा मोठ्या जातीचा पोपट नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो.

तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि राघू गप्प झाला. त्याला खाऊ घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्याने माझं बोट फोडलं. मी चिडून ओरडलो, पिंजरा हलवला. दुसऱ्या दिवशी परत तेच. आजी म्हणाली, "तू त्याच्या घरात हात घालतेस काहून? त्याला येऊ दे ना तुझ्याकडे."

मग मी पिंजऱ्याजवळ नुसता बसायला लागलो. ओसरीवर त्याच्याकडे पाठ करून अभ्यास करायचा, मोठ्याने वाचायचं, उठताना पेरूची फोड ठेवायची. हळूहळू त्याचं वागणं मला वाचता यायला लागलं. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होत असली की तो उत्तेजित आहे, तेव्हा हात लांब ठेवायचा. एक पाय पोटाशी घेऊन चोच हळूच कराकरा वाजवत असला की तो निवांत आहे. हिरवी मिरची तो मजेत खातो, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, राघूकडून आधी शिकलो. पाच महिन्यांनी त्याने माझ्या तळहातावरची फोड उचलली. त्या संध्याकाळी आजोबांच्या आवाजात तो बोलला, "चहा झाला का?" आजी पदर डोळ्यांना लावून आत गेली.

न समजता घोकण्याला आपण पोपटपंची म्हणतो. मला वाटतं, हा शब्द पोपटावर अन्याय करतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये दुकानातून एक आफ्रिकन करडा पोपट घेतला, त्याचं नाव अ‍ॅलेक्स. 2007 मध्ये तो मेला, तोवर शंभराहून जास्त शब्द शिकला होता. वस्तूचा रंग, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा आणि नको असेल तेव्हा चक्क नाही म्हणायचा. त्याला शिकवायची पद्धत मजेशीर होती. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी त्या वस्तूबद्दल बोलायची आणि तो मध्ये पडायचा. म्हणजे शब्द त्याला संवादातून मिळाले. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड घोकणारे आपण खरे पोपटपंचीवाले, राघू नव्हे.

पण हुशारीचं कौतुक करून थांबता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. तरीही ढोलीतून पिल्लं काढली जातात आणि बाजारात विकली जातात. घ्यायला कोणी नसतं, तर काढायलाही कोणी गेलं नसतं. आजोबांचं राघूवर जिवापाड प्रेम होतं, आणि त्याचं आभाळ विकत घेणारेही तेच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हे लिहिताना मला सोपं जात नाही.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या राघूचा दृष्टान्त आहे. राघू नळीवर बसतो, त्याच्या वजनाने ती फिरते, तो घाबरून तिलाच घट्ट धरून बसतो. सोडली तर उडून जाईल, पण त्याला वाटतं आपण अडकलो. हल्ली मला वाटतं, नळी धरून बसलेले आम्ही आहोत. "तो आपल्याशिवाय जगणार नाही" म्हणत आम्हीच त्याला सोडत नाही.

अर्थात इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी दार उघडून सोडणं म्हणजे त्याला मांजरासमोर ठेवणं. त्याच्या पंखांत ताकद नाही, दाणा शोधणं त्याला माहीत नाही. म्हणून येत्या सुट्टीत मी आणि आजी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगणार आहोत. ते त्याला नेतील, कदाचित आम्हाला बोलणीही बसतील. आजी आधी तयार नव्हती. परवा फोनवर म्हणाली, "त्याचा विश्वास बसला ना तुझ्यावर? मग आता त्याच्या भल्याचं कर."

मित्रांनो, घरात बोलका पोपट असावा असं वाटत असेल तर विकत घेऊ नका. गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवा, जुनी ढोलीची झाडं तोडू देऊ नका. ते येतील. आपलं नाव घेणार नाहीत, त्यांच्याच भाषेत कलकलाट करतील. तो ऐकायला शिकूया.