पाच वाजता खाली कोण येणार?

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीहून डोंबिवलीला भाचीकडे जाऊन उतरलो होतो. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. दुसरीपर्यंत शाळेत गेला, मग भाचीनं त्याचं नाव काढलं आणि स्वतःच शिकवायला घेतलं. यावरून घरात महाभारत होऊन गेलं होतं. माझ्या बहिणीचा अजूनही एकच धोशा : "अरे, अभ्यासाचं होईल रे काहीतरी. पण हा चारचौघांत मिसळणार कसा? पार एकलकोंडा होईल." मी मोठा मामा, तेव्हा निकाल मी द्यायचा, असं परस्पर ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या पोरानं मला आपली गणिताची वही दाखवली. मागच्या पानावर पट्टीनं आखलेला तक्ता होता. डावीकडे फ्लॅटचे नंबर, वर सोमवार ते शनिवार. ३०२ : सोम-बुध अबॅकस, गुरुवारी पोहणं. ४०१ : रोज ट्यूशन, शनिवारी कराटे. १०४ : सोम ते शुक्र 'पाळणाघर, साडेसातला येतो'. मोकळे चौकोन हिरव्या स्केचपेननं रंगवलेले. अख्ख्या तक्त्यात मंगळवारीच तेवढे एकदम तीन चौकोन हिरवे होते. "मंगळवारी क्रिकेट होतं, मामाआजोबा," तो म्हणाला. "बाकीचे दिवस मी वॉचमनकाकांबरोबर कॅच-कॅच खेळतो. पण गाडी आली की त्यांना गेट उघडायला जावं लागतं."

मी तो तक्ता बहिणीला दाखवला. म्हटलं, यातला एकलकोंडा कोण, ते सांग. रोज पाचच्या ठोक्याला खाली उतरणारा हा एकटा, की सकाळी व्हॅनमध्ये आणि संध्याकाळी क्लासमध्ये कोंबलेले ते बाकीचे सगळे?

बहिणीला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिची काळजी मलाही पुरती झटकता येत नाही. घरशाळेचे कैवारी हा प्रश्न फार लवकर निकालात काढतात. शाळेत कुठे मित्र जमतात, तिथं तर बोलल्याबद्दल बाकावर उभं करतात, असं म्हणून मोकळे होतात. बोलणं चटपटीत आहे, पण ते अर्धंच खरं आहे.

माझंच पाहा. साठ-सत्तरच्या दशकातली आमची डोंबिवलीची चाळ आठवून गहिवरायची आपल्याकडे रीत आहे. लाइट गेले की सगळी चाळ गॅलरीत, वगैरे. पण त्या गॅलरीतली सगळी माणसं आमच्यासारखीच होती. बाप लोकलनं फोर्टात कारकुनीला जाणार, आई घरी, चतुर्थीला मोदक. वेगळ्या घरचं मूल मला भेटलं ते शाळेत, आणि तेही मास्तरांनी उंचीप्रमाणे बसवलं म्हणून. तीन वर्षं माझ्या बाकावर जो मुलगा होता, तो मला अजिबात आवडत नसे. त्याचे वडील एमआयडीसीत पाळीवर जात. त्याच्या डब्यात सुका जवळा असला की मी नाक मुरडायचो. तो माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला 'पाल्हाळ' म्हणायचा. का, ते त्यालाच ठाऊक. एकदा आमची कंपासपेटीनं मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर, कोपराला कोपर लावून बसलो, कारण दुसरी जागाच नव्हती. आईला विचारलं असतं, तर तिनं माझ्यासाठी हा मित्र सात जन्मांत निवडला नसता.

शाळेचा सामाजिक उपयोग मला एवढाच दिसतो. आपण न निवडलेल्या माणसाबरोबर दिवस काढायची सवय लागते. घरशाळेची खरी अडचणही तिथंच आहे. मुलं एकटी पडतात असं नाही. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत अशी घरं एकमेकांना शोधतात, येऊरला चालायला जातात, एकत्र जमून मातीकाम, नाटक करतात. पण त्या घोळक्यातली आईबापं बहुतेक एका मताची, एका ऐपतीची, एकाच तऱ्हेची पुस्तकं वाचणारी. चाळीची गॅलरीच पुन्हा, फक्त महागडी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथल्या वाचकांना त्याचं नवल वाटतं. आपल्या न्यू जर्सीत पालकांना परवानगीसुद्धा मागावी लागत नाही. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. भारतात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास त्यांना दंड सांगत नाही. घरशाळेला त्यात नावही नाही. लोक या फटीतून वाट काढतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. परीक्षेची सोय आहे. मुलाचं बाकी कसं चाललंय हे विचारायला मात्र कोणीही दारात येत नाही.

न्यू जर्सीला परत आल्यावर आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात हा विषय निघाला, तेव्हा एका मित्रानं हुकमाचं पान टाकलं : "अहो, आनंदीबाई जोशी घरीच शिकल्या ना? त्याही तुमच्या कल्याणच्याच."

कल्याणच्याच. ३१ मार्च १८६५चा जन्म, माहेरची यमुना. नवव्या वर्षी लग्न, आणि पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव हेच मास्तर. बदलीबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असं बिऱ्हाड फिरलं. अधूनमधून शाळेचा प्रयोग झाला, पण शिकवणारा माणूस एकच राहिला. आणि तो कसा होता हे तिनंच पुढं अमेरिकेहून त्याला लिहिलेल्या पत्रात आहे : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा. १८८६ साली फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली, यात गोपाळरावांच्या हट्टाचा वाटा मोठा आहे. तो कोणी नाकारू नये. पण शाळेत एक मास्तर मारकुटा निघाला तर तास संपल्यावर दुसरे येतात. तिच्या घरात तास संपत नव्हता. घंटा द्यायलाच कोणी नव्हतं.

तिला दुसरं माणूस भेटलं ते केवळ योगायोगानं. गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापलं गेलं. ते रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना वाचलं. रोझेल म्हणजे आपलं एलिझाबेथच्या शेजारचं, पार्कवेवरून जाताना आपण पाटी बघतो ते. नवऱ्यानं पत्नीसाठी निवडलेली ही मैत्रीण नव्हती. पत्राला पत्र येत गेलं आणि ती झाली. १८८३च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांची आनंदीबाई त्या बाईंच्या घरी येऊन राहिली. १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात ती गेली, आणि तिच्या अस्थी पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या. आपल्या एडिसनहून गाडीनं दोनेक तास. तेव्हा आनंदीबाईंचं उदाहरण घरशाळेच्या बाजूनं देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. घरानं तिला विद्या दिली. सोबत दिली ती घराबाहेरच्या, ओळखपाळख नसलेल्या बाईनं.

भाचीला मी फोनवर हेच म्हटलं. शिकव घरी, छान शिकवतेस. पण त्याच्या आयुष्यात अशी दोन-तीन माणसं राहू दे, जी तुला फारशी पसंत नाहीत. त्याला वाचनालयात एकट्याला जाऊ दे, तिथल्या काकांशी पावतीवरून भांडू दे. बाजारात भाजीवालीशी हिशेब त्यालाच करू दे. आणि तुझ्यावर रुसला तर ज्यांच्याकडे जाऊन बसेल असं एक तरी दार असू दे. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, दार आहे रे. पण आत कोणी नसतं. सगळे क्लासला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी शिकणाऱ्या मुलाला खाली खेळायला कोणी नाही, याचा दोष शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांकडेही जातो, आणि ते आईबाप म्हणजे आपणच. इथं न्यू जर्सीत तरी वेगळं काय आहे? शनिवारी तबला आणि कुमॉन, रविवारी मराठी शाळा, आणि तिथून थेट पोहायला. मुलांना मित्राकडे जायचं तर आधी दोन आयांचे सहा मेसेज.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला मी एक अर्ज दिला आहे. रविवारची मराठी शाळा सुटल्यावर हॉल आणखी एक तास आपल्याकडे ठेवावा. त्या तासाला शिक्षक नको, कार्यक्रम नको, वयोगट नको, नाव नोंदवणं नको. घरी शिकणारी, शाळेत जाणारी, मराठी येणारी, न येणारी, सगळी पोरं चालतील. मोठ्यांनी बाहेर चहा प्यावा. भाड्याचा प्रश्न निघणार, हे मला माहीत आहे. पहिल्या सहा महिन्यांचं मी भरतो. वार्षिक सभेत विषय येईल तेव्हा हात वर करा.