जुन्या गाडीचा निरोप

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात एका प्रीमिअर पद्मिनी मोटारीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. त्या जातीच्या टॅक्सीची ती शेवटची नोंद होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिची मुदत संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायद्याच्या दृष्टीने मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. त्याआधी दीड महिना, १५ सप्टेंबरला, 'बेस्ट'ची जुन्या पद्धतीची शेवटची डबलडेकर बस धावली होती. दोन्ही प्रसंगी मुंबईकर हळहळले. टॅक्सीचालकांच्या संघटनेने तर एक तरी पद्मिनी जतन करून ठेवावी, अशी मागणी केली. ज्या टॅक्सीच्या खडखडाटाबद्दल आणि मोडक्या खिडक्यांबद्दल उतारूंनी वर्षानुवर्षे कुरकुर केली, तिच्याच जाण्याने डोळे ओलावले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

शहराच्या पातळीवर जे एकदा घडले, ते घराघरांत नेहमीच घडत असते. वीस-पंचवीस वर्षे दाराशी उभी असलेली गाडी विकावयाचे ठरते. मुले परगावी असतात, कर्त्या पुरुषाला रात्रीचे नीट दिसेनासे झालेले असते आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेलेला असतो. व्यवहार ठरतो, इसारही घेतला जातो. तरीही आदल्या रात्री तो गृहस्थ काही कारण नसताना खाली जातो आणि गाडीच्या टपावरून हात फिरवून येतो. पुढच्या काचेखाली चिकटवलेला छोटा गणपती काढून ठेवावा की गाडीबरोबर जाऊ द्यावा, यावर घरात चर्चा होते. सकाळी नवा मालक गाडी घेऊन निघतो, तेव्हा ती गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत कोणी घरात परतत नाही.

या हळहळीकडे दोन प्रकारांनी पाहिले जाते. हिशेबी माणूस म्हणतो, की घसारा पुरता वजा झालेल्या लोखंडाच्या डब्यासाठी अश्रू ढाळणे हा शुद्ध बावळटपणा आहे. भाविक माणूस म्हणतो, की जुने ते सोने. हल्लीच्या गाड्यांना ती सर कोठून येणार? ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्याला माणूस कळलेला नाही; दुसऱ्याला इतिहास आठवत नाही.

टंचाईने घडविलेला जिव्हाळा

इतिहासापासूनच सुरुवात केलेली बरी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वी १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकी कंपनी शिवडीला मोटारींची जुळणी करीत होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने असे धोरण ठरविले, की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे स्थान नाही. मोटार टप्प्याटप्प्याने या देशातच घडविली पाहिजे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी आपले काम गुंडाळले. पुढची तीन दशके सामान्य ग्राहकासमोर मुख्यतः तीनच दारे राहिली : उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पन्नाशीच्या दशकातील ज्या फियाटला मुंबईकरांनी तिच्या आकारावरून 'डुक्कर' हे नाव दिले, तिचीच पुढची पिढी १९६४ नंतरच्या अकराशे घनसेंटिमीटरच्या गाडीच्या रूपाने आली आणि सत्तरीच्या दशकात तिचे नामकरण पद्मिनी असे झाले.

या काळात मोटारीचे उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि तिच्या विक्रीवरही सरकारी नियंत्रण होते. मोटारीची रास्त किंमत कोणती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. किंमत दाबून धरलेली आणि पुरवठा अपुरा, अशा स्थितीत रांग लागते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पैसे भरून नाव नोंदवावयाचे आणि कित्येक वर्षे वाट पाहावयाची, असा तो प्रकार होता. गाडीची खरी किंमत रुपयांत आणि वर्षांत, अशी दोन चलनांत मोजावी लागे. आणि एकदा ती हाती आली, की कुटुंबाच्या दृष्टीने ती आयुष्यातील एकमेव गाडी असे. दुसरी मिळण्याची शक्यताच नसल्यामुळे हिला जपणे भाग होते.

तेव्हा जुन्या गाडीवरील मायेचा एक मोठा वाटा टंचाईने घडविलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली गेली आणि रांगेचा तो काळ हळूहळू ओसरला. आज ज्यांना पद्मिनीच्या आठवणींनी गहिवरून येते, त्यांनी त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आणि कधीच गाडी न मिळालेल्या लाखो माणसांचीही आठवण ठेवावी. त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचे काही कारण नाही. पण व्यवस्था सदोष होती म्हणून तिच्यात माणसांनी जोपासलेले गुण सदोष ठरत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. दर रविवारी बोनेट उघडून पाणी आणि तेल तपासणे, पाना-पक्कड हाताळावयास मुलांना शिकविणे, बिघाडाचा आवाज कानाने ओळखणे, दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालणे, हे सारे टंचाईने शिकविले असले, तरी शिकणाऱ्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

निगेला किंमत नाही

आता हिशेबी माणसाच्या आक्षेपाकडे वळू. जे आपले आहे त्याची किंमत माणूस वाजवीपेक्षा अधिक लावतो, हे अर्थशास्त्राने प्रयोगानेही दाखवून दिले आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८० साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९० साली कानेमन, नेच आणि थेलर यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे पेले देण्यात आले होते. पेला मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत मागितली, ती पेला न मिळालेले विद्यार्थी देऊ करीत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. काही मिनिटांच्या मालकीने जर एवढा फरक पडतो, तर पंचवीस वर्षांच्या मालकीने किती पडेल, हे सांगावयास नको.

तथापि जुन्या गाडीचा प्रश्न पेल्यापेक्षा वेगळा आहे. पेल्याची कोणी निगा राखलेली नसते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध येथे अधिक उपयोगी पडतो. या निबंधातील विचार पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकास आधारभूत ठरला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा फसण्याची शक्यता धरूनच भाव बोलतो. म्हणजे चांगल्या गाडीलाही सरासरी गाडीचा भाव मिळतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक विकण्यास नाखूष होतो आणि बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढते.

या सिद्धान्ताच्या प्रकाशात त्या गृहस्थाच्या दुःखाचा वेगळा अर्थ लागतो. गाडी घेण्यास आलेला दलाल तिच्याभोवती एक फेरी मारतो, चाकावर पाय आपटून पाहतो, साल विचारतो आणि आकडा सांगतो. तीन हजार किलोमीटरांवर न चुकता बदललेले तेल, पावसाळ्यापूर्वी तळाला लावून घेतलेला गंजरोधक रंग, एकदाही न झालेला अपघात, यांतले काहीही त्या आकड्यात नसते. शेजारच्या निष्काळजी माणसाच्या त्याच सालच्या गाडीला जो भाव, तोच हिला. त्या गृहस्थाला पैसे कमी मिळाल्याचे वाईट वाटतेच. पण त्याला खरे लागते ते हे, की पंचवीस वर्षांची निगा बाजाराला दिसलीच नाही. त्याची हळहळ ही केवळ भावनाविवशता नाही. एका खऱ्या मूल्याचा हिशेब कोठेच लागला नाही, याची ती जाणीव आहे. हिशेबी माणसाने एवढे तरी समजून घ्यावे.

दुसऱ्याच्या खर्चाने जपलेली माया

असे असले तरी हळहळ खरी आहे म्हणून गाडी ठेवून द्यावी, असा निष्कर्ष निघत नाही. विकवत नाही म्हणून गल्लीत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्या प्रत्येक शहरात दिसतात. टायर जमिनीला टेकलेले, काचांवर धुळीचा थर, खाली कुत्र्यांचा संसार. मालकाला वाटते की आपण ती जपली आहे. वस्तुतः तो जपत असतो ती आपली चालढकल, आणि तिचे भाडे गल्लीतील इतर रहिवासी भरत असतात. चालत्या जुन्या गाडीच्या धुराचेही तसेच आहे. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उपकरण १९९५ पासून सक्तीचे झाले, शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर आले आणि २०२० पासून 'भारत स्टेज सहा' हे मानक लागू झाले. या टप्प्यांपूर्वीच्या गाडीतून जे बाहेर पडते ते मालकाच्या आठवणींत मिसळत नाही. ते शाळेला निघालेल्या मुलाच्या छातीत जाते. ज्या मायेचा खर्च दुसऱ्याने सोसावयाचा, तिला माया म्हणणे कठीण आहे.

१९८३ च्या त्या पहिल्या मारुतीचीच कथा पाहावी. तिच्या मालकाने ती अखेरपर्यंत विकली नाही. २०१० साली तो वारल्यानंतर मात्र गाडी दिल्लीत घराबाहेर गंजत पडली. पुढे ती दुरुस्त करून कंपनीच्या मुख्यालयात मांडण्यात आली, म्हणून वाचली. प्रत्येक गाडीच्या नशिबी असा योग नसतो. ज्याला आपली गाडी खरोखर प्रिय आहे, त्याने ती चालती असताना, स्वतःच्या हाताने, योग्य माणसाच्या स्वाधीन करावी किंवा रीतसर मोडीत काढावी. गंजू देणे हा निरोप नव्हे.

आणि या प्रश्नात केवळ मध्यमवर्गीय गृहस्थाचाच विचार करून भागणार नाही. टॅक्सीचालकाला गाडीवर माया करण्याची चैन परवडत नाही, असे वरवर वाटते. कारण त्याच्यासाठी ती उत्पन्नाचे साधन आहे. पण गाडीबरोबर त्याचे कौशल्यही निकामी होते. स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर, कार्ब्युरेटरची साफसफाई, फुटपाथवर बसून इंजिन उघडणारा मिस्त्री, हे सारे एका पिढीचे ज्ञान होते. नवी गाडी बिघडली की संगणक जोडावा लागतो आणि सुटा भाग दुरुस्त न करता बदलावा लागतो. त्या मिस्त्रीला निरोप द्यावयास मात्र कोणी हार घेऊन जात नाही.

वय नव्हे, प्रकृती

मग करावयाचे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. अधिकृत केंद्रात गाडी जमा केल्यास प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या आधारे नव्या खासगी वाहनाच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार करण्यात आले. दिशा योग्य आहे. परंतु गाडीची योग्यता तिच्या वयावरून ठरवावयाची की तिच्या प्रकृतीवरून, हा मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश त्याच न्यायालयाने दिला आणि नंतर त्या संरक्षणाची व्याप्ती कमी केली. या साऱ्या ओढाताणीच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

वयाची मर्यादा राबविण्यास सोपी असते, हे खरे. पण तीही त्या दलालासारखीच फक्त साल पाहते. निगा राखणारा आणि न राखणारा यांना ती एकाच मापाने मोजते. आणि ज्या समाजात निगेला किंमत नाही, तेथे निगा राखण्याची सवय टिकत नाही. म्हणून यंत्राने होणारी, माणसाच्या मर्जीवर न चालणारी प्रकृती-तपासणी प्रत्येक जिल्ह्यात सहज उपलब्ध असली पाहिजे. तिचा निकाल कागदावर मिळावा आणि गाडी विकताना तो घेणाऱ्याच्या हाती पडावा. जी गाडी धुराच्या आणि सुरक्षिततेच्या कसोटीला उतरत नाही, ती वय कितीही कमी असो, रस्त्यावर येऊ नये. जी उतरते, तिला केवळ जन्मतारखेसाठी दंड होऊ नये. असे झाले तर घेणारा फसणार नाही आणि विकणाऱ्याच्या पंचवीस वर्षांच्या निगेलाही बाजारात भाव येईल. त्याची हळहळ त्यामुळे संपणार नाही. पण तिच्यातला अन्यायाचा सल निघून जाईल.

ज्या गोष्टींना बाजारात कधीच भाव येणार नाही, त्या जतन करण्याचे काम समाजाने करावयाचे असते. कुर्ल्यात घडलेली, सुस्थितीतील एक पद्मिनी शहराच्या संग्रहालयात असावी, तिच्या शेजारी मिस्त्रीची हत्यारे असावीत आणि तिच्यासाठी किती वर्षे वाट पाहावी लागे याचा फलकही असावा. म्हणजे पुढच्या पिढीला जिव्हाळा आणि टंचाई या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतील.

बाकी उरतो तो घरातला निरोप. त्याची कोणी थट्टा करू नये. हत्यारांची आणि वाहनांची वर्षातून एकदा पूजा करणारा हा समाज आहे. ज्याने काम केले त्याचे उपकार स्मरावेत, ही त्या पूजेमागची साधी भावना आहे. जाणाऱ्या गाडीला शेवटचा हार घालावा, गणपती उचलून घरात आणावा आणि पानांची पेटी नव्या मालकाच्या हाती द्यावी. त्या पेटीबरोबर निगेची सवयही पुढे गेली, तर गाडी गेल्याचे फारसे वाईट वाटून घेण्याचे कारण उरणार नाही.