सर्पदंशाची नोंद : गावाचे कर्तव्य

पावसाळा लागला की शेतकऱ्याचा मुक्काम शेतात असतो आणि बिळांत पाणी शिरल्याने सापही बाहेर पडतात. दंशाने माणूस दगावला की गाव त्यास दैवाचा खेळ म्हणते व विषय तेथेच संपतो. परंतु ज्या हानीची मोजदाद होत नाही, तिच्या निवारणाची तजवीजही होत नाही.

भारतात २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे मृत्यू पावली, असा अंदाज घरोघरच्या चौकशीवरून काढून २०११ साली प्रसिद्ध करण्यात आला. सरकारी दप्तरातील आकड्याच्या तो तीस पटींहून अधिक होता. कारण उघड आहे. यांपैकी ९७ टक्के मृत्यू खेड्यांतील होते आणि दवाखान्यात झालेले मृत्यू अवघे २३ टक्के होते.

येथे एक दुष्टचक्र आहे. रोगी मांत्रिकाकडे गेला तर दवाखान्यात नोंद होत नाही. नोंद नसल्याने लशीची गरज कमी दिसते. आणि लस शिल्लक नाही असे एकदा कळले की पुढचा रोगीही मांत्रिकाकडेच जातो. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला व त्याच वर्षी दंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सुचविण्यात आले. तथापि केवळ परिपत्रकाने वही भरत नाही.

हे काम दवाखान्याचे, शेतीखात्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु दंश होतो तो बहुधा शेतात, आणि शेताची माहिती गावच्या कार्यकर्त्यालाच असते. रोगी वाचो वा न वाचो, प्रत्येक दंशाची तारीख, वेळ, जागा, चाललेले काम, दवाखान्यात पोचण्यास लागलेला वेळ व मागे राहिलेले अपंगत्व एवढे त्याने लिहून आरोग्य केंद्रास कळवावे. दोन हंगामांच्या नोंदींतून धोका कोठे आहे ते दिसेल : रात्रीच्या विजेवर पाणी देताना, कापणीत, की जमिनीवर निजताना. मग बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे बूट, खाट व मच्छरदाणी यांचा आग्रह नेमका धरता येईल.

दंश झाल्यास करकचून बांधू नये, चिरू नये, विष चोखू नये. तो अवयव न हलविता रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ दवडू नये.

कर्ता माणूस गेला की घराची शेतीच उघडी पडते. ती हानी निदान वहीत तरी यावी.