आळशी कोण? कसब आणि उमेद यांचा हिशेब



"हल्लीं कामाला माणूस मिळत नाहीं, आणि मिळाला तर तो काम करीत नाहीं," हें रडगाणें आज गांवच्या पारावर, बाजारांत, लग्नाच्या मांडवांत, जिकडे जावें तिकडे ऐकूं येतें. बागाईतदार म्हणतो, सालदार आळशी. कारखान्याचा मॅनेजर म्हणतो, खेड्यांतून आलेलीं पोरें आळशी. शहरांतला साहेब म्हणतो, शेतकरीच मुळीं आळशी, म्हणून तर कर्जमाफी मागतो. आणि तोच शेतकरी घरीं येऊन म्हणतो, पोरगा आळशी. सगळ्यांचें बोट दुसऱ्याकडे! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्याला ना तराजू लागतो, ना माप. परंतु ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या "तुमच्या अंगांत अक्कलच नाहीं" हें ऐकून घ्यावें लागलें, त्यानें तरी असला शब्द दुसऱ्याच्या कपाळीं मारण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. म्हणून आज या 'आळशी' शब्दाचीच थोडी झडती घेऊं.

आमच्या पाहण्यांतली एक गोष्ट सांगतों. एका कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याकडे एक सालदार होता. मालकाचा त्याच्यावर कायम राग. पाण्यावर उभा केला तर गडी बांधावर बसून तंबाखू मळणार. दारें फुटून पाणी ओढ्याला लागलें तरी याला पत्ता नाहीं. मालकानें त्याला चार लोकांत आळशी म्हणून पुष्कळदां हिणविलें. पण याच माणसाच्या खोपटामागें दोन गुंठ्यांचा एक तुकडा होता. त्यांत मेथी, मिरची, चार वांगीं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत राबून आलेला हा गडी रात्रीं उठून त्या वाफ्यांना पाणी देई. मिरचीच्या एका पानावर मावा पडला तरी त्याला तो उजाडतांच दिसे. आतां सांगा, हात तेच, पाठ तीच, माणूस तोच. बांधाच्या अलीकडे आळशी आणि पलीकडे उद्योगी, असा माणूस एका दिवसांत दोनदां कसा बदलतो?

मालक मुळांत शहाणा होता. त्यानेंहि एक दिवस तो तुकडा पाहिला आणि तो विचारांत पडला. पुढल्या पाडव्याला त्यानें ठराव बदलला. ठरल्या सालाशिवाय कांद्यांत आठवा हिस्सा गड्याचा. त्या वर्षीं दारें फुटलें नाहीं असें नाहीं. पण तें मालकाला कळण्यापूर्वींच बुजलेलें असे.

विद्वान लोकांनीं या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. त्यांचें सार आपल्या भाषेंत एवढेंच कीं, माणसाच्या हातून होणारें काम दोन गोष्टींवर ठरतें. एक त्याच्या हातांतलें कसब आणि दुसरी त्याच्या मनांतली उमेद. आणि या दोहोंची बेरीज होत नसते, गुणाकार होतो. बेरजेंत एक बाजू रिकामी असली तरी दुसरी उरते. गुणाकारांत एक शून्य असलें कीं सगळेंच शून्य. कसबी माणसाची उमेद मेली तर त्याचें कसब गंजलेल्या विळ्यासारखें भिंतीला टांगून राहतें. उलट उमेद दांडगी आणि कसब नाहीं, तर तो पोरगा उत्साहाच्या भरांत विहिरीवरची मोटार जाळून बसतो. आपण मात्र काम बिघडलें कीं दोन्हींपैकीं कशांत उणें आहे हें पाहातच नाहीं. सरसकट 'आळशी' हा एक शिक्का मारून मोकळे होतों. रोग न ओळखतां औषध देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतों?

उमेद म्हणजे नुसता पैसा, असेंहि कोणी समजूं नये. जुन्या बलुत्याच्या पद्धतींत सुताराला वर्षाकांठीं ठरल्या पेंढ्या मिळत. नांगर उत्तम झाला तरी तेवढ्याच आणि ओबडधोबड झाला तरी तेवढ्याच. हिशेबानें पाहिलें तर सुतारानें चोख काम करण्याचें कारणच नव्हतें. तरीहि गांवोगांव असे सुतार होऊन गेले कीं ज्यांचा नांगर नातवानें वापरला. तें काम पेंढीसाठीं झालें नाहीं. "हा अमक्याच्या हातचा नांगर" असें चार गांवांत म्हटलें जावें, यासाठीं झालें. मान ही उमेदीची दुसरी भाकर आहे. परंतु तोच कारागीर वाड्याच्या पायरीखालीं उभा ठेवला, त्याला अरेतुरे केलें, पेंढ्या देतांना त्याच्यापुढें भिकाऱ्यासारख्या टाकल्या, तर त्याच्या हातांतला वाकस कसा चालेल? ज्याचें जळे त्याला कळे.

एका गांवाच्या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसणार नाहीं, तर एका अख्ख्या प्रांताची घ्या. पश्चिम बंगालांत दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसणाऱ्यांना बर्गादार म्हणतात. पिकाचा निम्मा, कोठें कोठें त्याहूनहि जास्त वाटा जमीनदार उचली, आणि कुळानें मान वर केली कीं त्याला काढून लावी. कायद्यानें कुळाला हक्क होते, पण कागदावर त्याचें नांवच नव्हतें. १९७८ सालीं तेथील सरकारनें 'ऑपरेशन बर्गा' या नांवानें गांवोगांव जाऊन कुळांचीं नांवें नोंदविण्याचें काम हातीं घेतलें. नोंदलेल्या कुळाला जमिनीवरून हुसकतां येईना. आणि जमीनदारानें बीं, खत, अवजार कांहींच दिलें नसेल तर पिकाचे तीन हिस्से कुळाचे आणि एक त्याचा, हा कायदा अमलांत येऊं लागला. अशा नोंदी पुढें चौदा लाखांच्या घरांत गेल्या. ज्यांना २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें ते अभिजित बॅनर्जी व त्यांचे दोन सहकारी यांनीं या सुधारणेचा अभ्यास करून तो २००२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, नोंदणीमुळें शेतीचें उत्पन्न वाढलें. ध्यानांत घ्या, माती बदलली नव्हती, पाऊस बदलला नव्हता, कसणारा बदलला नव्हता. बदलला होता तो फक्त त्याचा वाटा आणि उद्यांची खात्री. ज्यांना काल जमीनदार आळशी म्हणत होता त्यांच्याच हातून जास्त पिकलें!

आपल्याकडेहि हीच गोष्ट वेगळ्या रीतीनें घडली आहे. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याखालीं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कुळें कसत्या जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. पुष्कळांच्या जमिनी त्यापूर्वींच 'राजीखुशीनें' सोडवून घेतल्या गेल्या, हेंहि खरें. पण ज्या घरांत जमीन राहिली तेथल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या वर्षापर्यंत ज्या रानांत विहीर खणण्याचा विचारहि कोणाला शिवला नव्हता, तेथें बापानें पहार कां उचलली? दुसऱ्याच्या रानांत कोणी विहीर खणत नसतो.

आतां कोणी म्हणेल, उमेद नसेल तर धाक घालावा. धाकानें काम होतेंच कीं! होतें, यांत शंका नाहीं. पण त्याची किंमत कोण देतो तें पाहा. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें ऊंस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून अगोदर उचल घेतलेली, ती टनावर फेडावयाची, आणि एक दिवस खाडा झाला कीं दंड. यांच्या कसबाला तोड नाहीं. अंधारांत पाचट काढून मोळी बांधणें हें सोपें काम नव्हे. आणि राबण्यांत तर यांना कोणी हरवूं शकत नाहीं. पण तें राबणें उमेदीचें नव्हे, भीतीचें आहे. सरकारनें २०१९ सालीं नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हां तेरा हजारांहून अधिक बायकांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. दुखणें आलें तरी खाडा पडूं नये, ही भीति त्यामागचें एक मोठें कारण होतें. धाकानें ऊंस तुटतो खरा. पण त्याबरोबर माणूसहि तुटतो. असल्या कामाला 'मेहनती' म्हणून शाबासकी देणें म्हणजे जखमेवर हार घालणें होय.

उमेदीबद्दल एवढें झालें. आतां कसबाकडे वळूं. कसब जातीबरोबर जन्माला येतें, हें आम्हांला फार दिवस शिकविलें गेलें. राजर्षि शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या, तेव्हां लायकीच्या नांवानें केवढा ओरडा झाला! महाराज नुसत्या जागा ठेवून थांबले नाहींत. त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढलीं आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. जागा ही उमेद झाली, शाळा हें कसब झालें. दोन्ही बैल जुंपले म्हणून गाडी चालली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढें 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली, तीहि याच जाणिवेनें. जो मुलगा स्वतः खड्डे खणून, भाजी पिकवून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवितो, त्याला अभ्यास कर म्हणून सांगावें लागत नाहीं. त्या वसतिगृहांतून निघालेल्या मुलांनीं 'लायकी' या शब्दाला जें उत्तर दिलें, त्यापुढें आम्हीं आणखी काय लिहावें?

हा न्याय शेतकऱ्यालाहि लागू आहे, हें राज्य चालविणारांनीं विसरूं नये. २०२३ सालच्या डिसेंबरांत कांद्याची परदेशीं निर्यात बंद झाली आणि चांगला भाव डोळ्यांदेखत कोसळला. ज्यानें रात्र रात्र जागून पीक आणलें त्याच्या वाट्याचा घास ऐन वेळीं काढून घ्यावयाचा, आणि वर शेतकऱ्यानें हुरूप धरावा असें व्याख्यान द्यावयाचें, हा कोठला न्याय? सालदाराला जशी हिश्श्याची खात्री हवी, तशीच ती शेतकऱ्याला भावाची हवी.

पण बंधूंनो, सरकारला चार शब्द सुनावणें सोपें आहे. कठीण आहे तें आपल्या उंबऱ्याच्या आंत पाहणें. तुमचा पंचविशीचा मुलगा शेतांत राबतो. कोणतें बीं घ्यावें, माल कोठें विकावा, यांत त्याला कधीं विचारलेंत काय? पट्टीचा पैसा तुमच्या खिशांत, चहाच्या पैशासाठींहि त्यानें तुमच्यापुढें हात पसरावयाचा, आणि तो पुण्याला बारा तासांच्या नोकरीला पळाला कीं तो आळशी! घरची बाई पेरणीपासून मळणीपर्यंत तुमच्याहून जास्त वांकते. सातबाऱ्यावर तिचें नांव आहे काय? बंगालच्या जमीनदारानें कुळाचें नांव कागदावर येऊं दिलें नाहीं म्हणून आपण त्याला दोष दिला. मग आपल्या घरांत आपण कोण? आणि कारागिरांनो, हाताखालीं शिकावयास आलेल्या पोराला कायद्यांतसुद्धां 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. त्या नांवांतच उमेद आहे. पहिली चूक झाली कीं त्याच्या थोबाडींत मारून ती उमेद तुम्हीच घालवितां.

मग आळशी माणूस जगांत नसतोच काय? असतो. हिस्सा दिला, मान दिला, शिकविलें, अवजार धड दिलें, आणि तरीहि जो बांधावर लोळतो, त्याला खुशाल आळशी म्हणा. आम्हीहि तुमच्याबरोबर म्हणूं. हिस्सा घेणाऱ्यानें हिशेबहि दिला पाहिजे, तोट्याच्या सालीं कुरकुर न करतां सोसलें पाहिजे, यांत दुमत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा शब्द झडतीच्या शेवटीं यावा, सुरुवातीला नव्हे.

येत्या पाडव्याला सालाचा ठराव करतांना तीन गोष्टी करून पाहा. पिकांत लहान कां होईना, पण ठरलेला हिस्सा द्या आणि तो कागदावर लिहा. वर्षांतून एक तरी नवें काम, मग तें ठिबकचें असो, कलमाचें असो कीं मोटार बांधण्याचें असो, त्याला नीट शिकवा. आणि चार लोकांत त्याला नांवानें, आदरानें हांक मारा. याच तीन गोष्टी घरांतल्या मुलाला व बाईलाहि द्या. वर्ष सरल्यावर गडी तोच असेल, घर तेंच असेल. मग पारावर बसून सांगा, कीं तुमच्या शेतांत आळशी कोण होतें, माणूस कीं तुमचा ठराव?