भाव वाढतो, पण घर कोण चालवते?

नोकरीत स्थिरावलेल्या पुणेकर कुटुंबाच्या गाठीला चार पैसे जमले, की भाड्याने देण्यासाठी दुसऱ्या सदनिकेचा विचार सुरू होतो. ‘जागेचा भाव कधी उतरत नाही’ ही त्यामागील श्रद्धा. या श्रद्धेची परीक्षा पुण्याच्या पेठांनी पूर्वीच घेतली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. सदाशिव, शनिवार, कसबा पेठेतील जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढले. परंतु वाड्याच्या मालकाला मिळणाऱ्या भाड्यात छपराची डागडुजीही होईना. मालमत्ता लाखमोलाची आणि मालक ओढगस्तीत, असा विपर्यास अनेक घरांनी भोगला.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. नोंदणीकृत ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारामुळे मालकाचे भय बरेचसे ओसरले. धोका आता कर्जाच्या रूपाने येतो.

उदाहरणादाखल ६० लाखांची सदनिका घ्यावी. पदरचे १२ लाख, मुद्रांक व नोंदणीचे सुमारे साडेचार लाख आणि ४८ लाखांचे कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता पडतो सुमारे ४१ हजार ६०० रुपये. भाडे १८ हजार धरले, तरी वर्षातील एक रिकामा महिना, सोसायटीची वर्गणी व मिळकतकर वजा जाता हाती १३ हजारच उरतात. म्हणजे दरमहा २८ हजारांहून अधिक तूट! भाडे तेवढेच राहिले, तर १० वर्षांत ती ३४ लाखांवर जाते; एकूण गुंतवणूक ५० लाखांहून अधिक होते. या काळात भाव वाढलाच नाही, तर घर विकून व कर्ज फेडून हाती येतील अवघे २६ लाख. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर लाभ अवश्य होईल. पण तोवर तूट भरून काढणारी नोकरी टिकली पाहिजे.

भाववाढ हे विकल्यावरच हाती पडणारे फळ आहे. हप्ता मात्र दर महिन्याला दाराशी उभा असतो. म्हणून पहिली मिळकत निवडताना भाड्याला अग्रस्थान द्यावे. लहान, जुनी, परंतु रोजगाराच्या जवळची सदनिका घ्यावी, कर्ज कमी ठेवावे आणि भाववाढीला प्रसाद मानावे. शहरात विद्यार्थी व नोकरदार निवारा शोधत असताना केवळ भावाच्या आशेने घर कुलूपबंद ठेवणे समाजाच्याही हिताचे नाही. अर्थ हा पुरुषार्थ खरा. पण तो कुटुंबाचा आधार व्हावा, ओझे नव्हे.