विमान बदलतांना

लोणावळ्याहून नाशिकास निघालेला मनुष्य कल्याणास गाडी बदलतो. गाडी चुकली तर तो फलाटावर दुसरीची वाट पाहतो, भूक लागली तर स्टेशनाबाहेर जाऊन जेवतो, आणि अगदींच कंटाळला तर घरीं परततो. आमच्या औंढें-लोणावळ्याकडील ज्या घरांतलीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, तेथील वडील मंडळी मुंबईहून निघून दुबईस किंवा दोह्यास विमान बदलतात. हें बदलणेंही कल्याणासारखेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. विमान बदलणारा उतारू परक्या देशांत पोंचलेला असूनही तेथें शिरलेला नसतो. व्हिसा नसेल तर त्याला दाराबाहेर जातां येत नाहीं. त्रिशंकूप्रमाणें तो मध्येंच असतो. म्हणून या मुक्कामाची व्यवस्था घरीं, तिकीट काढतेवेळींच केली पाहिजे.

दोन्ही विमानें एकाच तिकिटावर असावीं, हा पहिला नियम. तसें असलें म्हणजे सामान बहुधा थेट पुढें जातें, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळें दुसरें चुकलें तर पुढची सोय कंपनीनें पाहावयाची असते. दोन निराळीं तिकिटें कधीं कधीं स्वस्त पडतात. पण मग सामान मध्येंच उतरण्याचा संभव असतो. तें घेण्यास बाहेर जावें लागतें, आणि बाहेर जाण्यास व्हिसा लागतो. दुसरें विमान चुकलें तर तिकीटही बुडतें. पांच-दहा हजार रुपये वांचविण्यासाठीं सत्तरीच्या आईबापांस या पेंचांत घालणें ही काटकसर नव्हे. कांहीं देशांत तर नुसतें विमान बदलण्यासही व्हिसा लागतो. त्याची चौकशी आधींच करावी.

मुंबईस सामान देतांना त्याच्या पावतीवरील तीन अक्षरें वाचावीं. दुबईचीं 'डी-एक्स-बी', शिकागोचीं 'ओ-आर-डी'; हीं दुसरीं त्या जागेच्या 'ऑर्चर्ड फील्ड' या जुन्या नांवावरून आलेलीं आहेत. मात्र अमेरिकेंत पुन्हां विमान बदलावयाचें असेल, तर तेथील पहिल्याच विमानतळावर सामान सामान्यतः स्वतः उचलून पुन्हां द्यावें लागतें. त्यासाठीं तीन तास तरी हातीं असावे.

विमान बदलतांना हातांतील सामानाची पुन्हां तपासणी होते. इ. स. 2006 पासून द्रव पदार्थांस 100 मिलिलिटरांची मर्यादा बहुतेक ठिकाणीं आहे, आणि तुपाची बरणी किंवा तेलाचें लोणचें तींतून सुटत नाहीं. तें मोठ्या पेटींतच घालावें. औषधें मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांशींच ठेवावीं.

उतरल्यावर बाहेरची वाट न धरतां पुढच्या विमानाकडे नेणारी पाटी पाहावी. दरवाजाचा क्रमांक ऐन वेळीं बदलतो. म्हणून फलक पुनःपुन्हां पाहावा. दुबईचें घड्याळ आपल्यामागें दीड तास असतें, आणि पासावरील वेळ तेथील असते. विमान सुटण्याच्या 15-20 मिनिटें आधींच दरवाजा बंद होतो, हेंही ध्यानांत असावें. चालणें झेपत नसेल तर चाकांची खुर्ची तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. तींत कमीपणा नाहीं.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या कर्त्या पुरुषांस सांगावीशी वाटते. दोघांचीं कागदपत्रें एकट्या पतीच्या खिशांत असतात. आपल्याकडे तपासणीस स्त्रियांची रांग निराळी असते, आणि परक्या ठिकाणच्या गर्दींत क्षणांत चुकामूक होते. अशा वेळीं ज्या गृहिणीजवळ पासपोर्ट नाहीं, मुलाचा पत्ता नाहीं, दूरध्वनीचा क्रमांक नाहीं, तिनें कोणास काय सांगावें? तिचें तिच्याजवळ द्यावें, आणि निघण्यापूर्वीं एके संध्याकाळीं सर्वांनीं बसून सगळी वाट तिच्याकडून म्हणवून घ्यावी. जिनें आयुष्यभर घरची घडी बसविली, तिला तीन अक्षरें व एक क्रमांक ध्यानांत ठेवणें जड नाहीं. तें तिच्यावर सोंपविण्याचा विश्वास मात्र आपल्यांत हवा.